पोलिसांना पुढे काय शिकवायचं, हे कसं ठरवायचं?

प्रशिक्षणाची जबाबदारी नव्याने अंगावर पडली की पहिल्याच आठवड्यात टेबलावर दोन कागद येतात. एक असतो गेल्या वर्षीचं वेळापत्रक. दुसरं असतं कुठल्या तरी संस्थेचं पत्र, अमुक कोर्ससाठी पाच नावं पाठवा म्हणून. जुन्या वेळापत्रकावर नवं साल टाकायचं आणि ज्यांना ड्युटीतून सोडणं सोपं आहे त्यांची नावं कळवायची, हा मार्ग सोपा असतो. वर्षाअखेरीस ‘इतक्या जणांना प्रशिक्षण दिलं’ असा आकडाही तयार होतो. पण रात्री दोन वाजता कोठडीत कुणी बेशुद्ध पडलं, तर ड्युटीवरच्या माणसाला काय करायचं ते येतं का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हा लेख अशा प्रश्नांपासून सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी आहे. भरतीनंतरचं मूलभूत प्रशिक्षण हा इथला विषय नाही. नोकरीत पाच, दहा, वीस वर्षं काढलेल्या अधिकाऱ्यांना आता नव्याने काय लागेल, काय पुन्हा गिरवावं लागेल, हे शोधायचं कसं, एवढंच बघू. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. गरज रोजच्या कामात सापडते, कोर्सच्या यादीत सापडत नाही. म्हणून काम आधी बघायचं आणि कोर्स शेवटी.

आवाका आणि परवानगी

पहिल्या फेरीत सगळ्या दलाची गरज शोधायला जाऊ नका. एक घटक घ्या: एखादं ठाणं, नियंत्रण कक्ष, वाहतूक शाखा किंवा तपास अधिकाऱ्यांचा एक गट. वरिष्ठांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, नोंदी पाहण्याची परवानगी. दुसरी, या पाहणीत दिसलेल्या उणिवांवरून कुणावर खातेनिहाय कारवाई होणार नाही, याची हमी. ही हमी नसेल तर लोक तुम्हाला तेच सांगतील जे तपासणीच्या दिवशी सांगतात. गंभीर गैरवर्तन दिसलं तर मात्र ते दडवता येणार नाही, आणि ही मर्यादाही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावी.

कामांची यादी

प्रत्येक पदासाठी एक कागद घ्या आणि त्या पदावरचा माणूस प्रत्यक्षात काय काय करतो ते क्रियापदांत लिहा. ‘कायदा व सुव्यवस्था राखणे’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘घाबरलेल्या फिर्यादीचा जबाब नोंदवणे’, ‘अटक केलेल्याची झडती घेणे’, ‘अपघाताच्या जागी वाहतूक वळवणे’, ‘जप्त केलेला मोबाइल बंद करायचा की तसाच ठेवायचा हे ठरवणे’ असं लिहिलं की पुढचं काम सुरू होतं. त्या पदावरचे दोन अनुभवी आणि एक नवखा असे तिघं सोबत घेऊन बसलात तर एका दुपारी चांगली यादी होते. नवखा हवाच, कारण अनुभवी माणूस ज्या गोष्टी सवयीने करतो त्या त्याला सांगायच्या सुचत नाहीत.

मग प्रत्येक कामापुढे तीन खुणा करा. काम किती अवघड आहे? चुकलं तर किती नुकसान होईल? किती वेळा करावं लागतं? प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले तरी पुरे.

आता यादी वेगळी दिसू लागते. रोज करावी लागणारी सोपी कामं खाली जातात. रोजची पण अवघड कामं वर येतात, त्यांचा सराव मात्र ड्युटीतच होत असतो. तिथे नुसतं काम होतंय की बरोबर होतंय, एवढं पाहिलं की भागतं. सगळ्यात जास्त लक्ष मागतात ती कामं, जी वर्षातून क्वचित येतात आणि चुकली तर जीव जातो. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमध्ये नोकरी केलेले गॉर्डन ग्रॅहम हे जोखीम व्यवस्थापनाचे अभ्यासक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत: धोका मोठा, प्रसंग दुर्मीळ आणि विचाराला वेळ नाही, अशा कामांचा सराव सतत हवा. शस्त्र चालवण्याचा निर्णय, कोठडीतल्या माणसाने गळफास घेण्याचा प्रयत्न करणं, श्वास थांबलेला माणूस समोर असणं, गर्दीत चेंगराचेंगरी होण्याच्या आधीचे क्षण, ही सगळी त्याच रांगेतली. अनुभवाने ती येत नाहीत, कारण अनुभवच मिळत नाही. वीस वर्षं नोकरी झालेल्या अधिकाऱ्यालाही तिथे नवशिक्याइतकाच सराव लागतो, आणि हे त्याला पटवून देणं हा तुमच्या कामाचा भाग आहे.

सराव सुटला की कसब किती लवकर उतरतं हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्याच्या वेगावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने निसटतं आणि मधूनमधून उजळणी केली तर टिकतं, हे तेव्हापासून माहीत आहे. छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याचं, म्हणजे सीपीआरचं कौशल्य तर प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ढासळू लागतं. म्हणून तुमच्या यादीत आणखी एक रकाना लागतो: हे काम शेवटचं प्रत्यक्ष किंवा सरावात केव्हा केलं? प्रमाणपत्र केव्हा मिळालं, हा प्रश्न वेगळा आणि कमी उपयोगाचा आहे.

नोंदी वाचा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो गाळतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. दलाकडे स्वतःच्या चुकांची नोंद आधीच असते, फक्त ती वेगवेगळ्या कपाटांत पडलेली असते. अभियोक्त्याने, म्हणजे सरकारी वकिलाने, त्रुटी काढून परत पाठवलेली प्रकरणं. निर्दोष सुटकेच्या निकालांत न्यायाधीशांनी तपासावर लिहिलेले परिच्छेद. प्रयोगशाळेने नाकारलेले नमुने. नागरिकांच्या तक्रारी, बळ वापरल्याचे अहवाल, पोलीस वाहनांचे अपघात, अधिकाऱ्यांना झालेल्या दुखापती, नियंत्रण कक्षाचे ध्वनिमुद्रण, अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. यातलं सगळं मिळणार नाही. तीन-चार प्रकारच्या नोंदी मिळाल्या तरी कामाला लागा.

कामाचं ध्वनिचित्रमुद्रण पाहून काय हाती लागतं, याचं एक उदाहरण इंग्लंडचं आहे. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानंतर तिथे संशयितांच्या चौकशीचं ध्वनिमुद्रण होऊ लागलं. पुढे जॉन बाल्डविन या अभ्यासकाने अशा शेकडो फिती पाहिल्या-ऐकल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपले निष्कर्ष मांडले. पोलीस अधिकारी म्हणजे चौकशीत मुरलेला माणूस, असा समज होता. फितींमध्ये दिसलं ते वेगळंच. अधिकारी तयारी न करता खोलीत शिरत होते, समोरचा दोषी आहे असं धरूनच चालत होते, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. त्याच सुमाराला जुन्या गाजलेल्या खटल्यांतल्या चुकीच्या शिक्षा अपिलात रद्द होत होत्या. या सगळ्यातून १९९२ च्या आसपास ‘पीस’ ही चौकशीची पद्धत आणि तिचं प्रशिक्षण देशभर सुरू झालं. आधी तयारी, मग संवाद, मग समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकणं, असा तिचा क्रम. ‘तुम्हाला चौकशीचं प्रशिक्षण हवं का’ असं त्या अधिकाऱ्यांना विचारलं असतं, तर बहुतेकांनी नको म्हटलं असतं असं मला वाटतं. उणीव दिसली ती काम पाहिल्यामुळे.

वाचताना एक शिस्त पाळा. एका प्रकारची निदान वीस-पंचवीस कागदपत्रं सलग वाचा आणि प्रत्येक चूक एका ओळीत टिपत जा. एकदा दिसलेली चूक सोडून द्या. तीन वेगवेगळ्या लोकांच्या हातून तीच झालेली दिसली, तर तिच्याखाली रेघ मारा.

समजा प्रयोगशाळेची पत्रं वाचताना तुम्हाला दिसलं की रक्ताने भिजलेले कपडे बुरशी येऊन निकामी झालेल्या अवस्थेत पोहोचताहेत. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की असं होतं. तो आधी सावलीत, हवेशीर जागी वाळवावा लागतो आणि मग कागदी पिशवीत किंवा कागदात बांधून मोहोरबंद करावा लागतो. लगेच वहीत ‘पुरावा हाताळण्याचं प्रशिक्षण हवं’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. फक्त टिपून ठेवा, या पिशवीकडे परत यायचं आहे.

बोला, आणि सोबत जा

नोंदींमधून काय चुकतंय ते कळतं. का चुकतंय ते माणसांकडून कळतं.

‘तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवंय?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याला लोक ऐकलेल्या कोर्सची नावं सांगतात, त्यातही सध्या ज्याची चर्चा आहे त्याची. उपयोगी पडतात ते कामाचे प्रश्न: गेल्या महिन्यात कुठल्या कामात अडलात? तेव्हा कुणाला फोन केलात? कुठला प्रसंग टाळता आला तर बरं असं वाटतं? नव्याने आलेला सहकारी सगळ्यात आधी कशात चुकतो? ‘कुणाला फोन केलात’ या प्रश्नाने मला नेहमी सगळ्यात जास्त मिळालंय. प्रत्येक ठाण्यात एक-दोन माणसं अशी असतात की अडलं की सगळे त्यांनाच विचारतात. त्यांना कोणते फोन येतात ते कळलं, तर त्या ठाण्याच्या गरजांची अर्धी यादी तयार असते. शिवाय पुढचे प्रशिक्षकही तिथेच सापडतात.

रात्रपाळी सोडू नका. तेव्हा वरिष्ठ कमी असतात, तज्ज्ञ घरी असतात आणि निर्णय कनिष्ठ माणसाला घ्यावा लागतो. एक पूर्ण रात्रपाळी सोबत काढा, गस्तीच्या गाडीत बसा, मध्ये बोलू नका, वही बाहेर काढू नका. सकाळी घरी जाऊन लिहा.

बाहेरच्यांनाही विचारा. अभियोक्ता, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, प्रयोगशाळेतले तज्ज्ञ, रुग्णवाहिकेवरचे लोक, मूकबधिरांसोबत किंवा हिंसाचारग्रस्त स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्था, आणि शक्य असेल तिथे खुद्द फिर्यादी. पोलिसांना स्वतःचं वागणं समोरून दिसत नाही. जबाब देताना चार वेळा तीच हकिगत चार जणांना सांगावी लागली, हे त्या बाईलाच माहीत असतं. नोंदवहीत फक्त ‘जबाब नोंदवला’ एवढंच असतं.

१९६१ मध्ये मॅकगी आणि थेअर या अमेरिकी अभ्यासकांनी गरजेकडे संस्था, काम आणि व्यक्ती अशा तीन अंगांनी पाहायला सांगितलं. तुमच्या टिपणांवर हीच चाळणी लावा. ही उणीव सगळ्या दलाची आहे, एका पदाची आहे की एका माणसाची? एका माणसाच्या उणिवेसाठी चाळीस जणांना वर्गात बसवलं, तर एकोणचाळीस जणांचा दिवस जातो आणि चाळिसाव्याला आपल्यामुळे हे झालं हे कळतसुद्धा नाही. त्याला हवी असते सोबत बसून शिकवणारी एक व्यक्ती.

हे प्रशिक्षणाने सुटेल का?

इथे थांबा. टिपलेल्या प्रत्येक उणिवेला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये यासाठी एक साधी कसोटी दिली. जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर उणीव ज्ञानाची नाही आणि प्रशिक्षणाने ती भरणार नाही. मग कारण दुसरीकडे शोधायचं. साधन नाही. वेळ नाही. आदेश एकमेकांच्या विरोधात आहेत. बरोबर केलं तर त्रास होतो आणि चुकीचं केलं तरी कुणी विचारत नाही. चौथं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं आणि सगळ्यात कमी वेळा लिहिलं जातं. ज्या ठाण्यात गुन्हे कमी दिसले की शाबासकी मिळते, तिथे ‘तक्रार नोंदवून घेण्याचं प्रशिक्षण’ दहा वेळा दिलं तरी तक्रारी नोंदवल्या जाणार नाहीत.

आता त्या पिशवीकडे या. मुद्देमाल खोलीत जाऊन उभे राहा. कपडा वाळवायला जागा आहे का? कागदी पिशव्या आहेत का, आणि संपल्यावर कुणाकडे मागायच्या हे माहीत आहे का? ड्युटीवरच्या हवालदाराला विचारा, ओला शर्ट आला तर काय करायचं? तो म्हणाला, ‘वाळवायचा, पण कुठे वाळवू? आणि पाकिटं तर प्लॅस्टिकचीच येतात’, तर गरज आहे एका दोरीची, कुलूपबंद हवेशीर कोपऱ्याची आणि कागदी पिशव्यांच्या पुरवठ्याची. त्याला ते आधीच येतं. त्याला पुन्हा शिकवायला बोलावणं हा त्याचा अपमान आहे. उलट खोली, दोरी, पिशव्या सगळं आहे आणि तरी तो म्हणाला, ‘प्लॅस्टिकमध्ये जास्त सुरक्षित राहतं ना?’, तर गरज प्रशिक्षणाची आहे, आणि तीही अर्ध्या तासाची, त्याच खोलीत, खऱ्या पिशव्या हातात घेऊन.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न कसा उभा राहतो ते अमेरिकेतल्या दोन घटना दाखवतात. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला तेव्हा तिथल्या पोलिसांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे परिसर वेढला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. त्यानंतर देशभर शिकवण बदलली: गोळीबार चालू असेल तर पहिल्यांदा पोहोचलेल्यांनीच थेट आत जायचं. ही खरोखरची प्रशिक्षणाची गरज होती, कारण शिकवलेलंच वेगळं होतं. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी इथल्या एका शाळेत पोलीस सुमारे ७७ मिनिटं हल्लेखोर असलेल्या वर्गात शिरले नाहीत. तिथे शेकडो अधिकारी जमले होते. नवी पद्धत शिकवणारं प्रशिक्षण त्या शाळांच्या पोलीस विभागाने दोनच महिन्यांपूर्वी घेतलं होतं. म्हणजे नोंदवहीप्रमाणे गरज पूर्ण झालेली होती. पुढच्या चौकशांत जे वर आलं त्यात सूत्रं कुणाच्या हातात आहेत याचाच गोंधळ, संपर्कातली मोडतोड आणि परिस्थितीचा चुकीचा अंदाज होता. अशा ठिकाणी तोच कोर्स पुन्हा घेऊन भागत नाही. अनेक यंत्रणा एकत्र आल्यावर आदेश कोण देणार हे आधी लेखी ठरवावं लागतं, आणि मग त्याची एकत्र रंगीत तालीम करावी लागते.

पर्यवेक्षक: हमखास राहून जाणारा गट

गरजा शोधताना सगळ्यांची नजर रस्त्यावरच्या शिपायाकडे जाते. मधल्या फळीकडे बघा. काल स्वतः काम करणारा माणूस आज बढती मिळून दुसऱ्यांकडून काम करून घ्यायला लागतो, आणि त्यासाठी त्याला बहुधा काहीच शिकवलेलं नसतं. कनिष्ठाचा अहवाल वाचून त्यातली उणीव त्याला कशी सांगायची, भयंकर प्रसंग पाहून आलेल्या सहकाऱ्याशी काय बोलायचं, कोठडीतल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे निर्णय त्याचे असतात.

यातल्या शेवटच्या निर्णयावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला आहे, सिटी ऑफ कँटन विरुद्ध हॅरिस, १९८९. अटकेतली एक स्त्री पोलीस ठाण्यात वारंवार कोसळत होती आणि तिच्यासाठी वैद्यकीय मदत बोलावली गेली नाही. तिथल्या नियमांप्रमाणे तो निर्णय पाळीच्या प्रमुखाचा होता, पण तो घेण्यासाठीचं विशेष प्रशिक्षण त्याला दिलेलं नव्हतं. प्रशिक्षण न देणं हे लोकांच्या हक्कांबद्दलची जाणीवपूर्वक बेपर्वाई ठरेल इतकं गंभीर असेल तर नगरपालिकाही जबाबदार धरता येते, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या कामांच्या यादीत ‘निर्णय कुणाचा’ आणि ‘त्यासाठी त्याला काय शिकवलंय’ असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात नाव आणि दुसरा कोरा दिसला, की ती ओळ यादीच्या वरच्या भागात न्या.

लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, त्यावरच्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्ये पोलिसांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाचाही तातडीने फेरविचार करायला सांगितलं. तपासातल्या आणि वर्णद्वेषाच्या मोठ्या मुद्द्यांमुळे तो अहवाल गाजला. पण जखमीजवळ पहिल्यांदा पोहोचलेल्या पोलिसाने श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण तपासलं पाहिजे, ही अगदी प्राथमिक गरजही त्यात नेमकी लिहिलेली आहे. तुमच्या घटकात ती पूर्ण झाली आहे का, हे आजच विचारून घ्या.

समोरून येणारी गरज

आतापर्यंतचं सगळं झालेल्या कामावरून होतं. काही गरजा अजून यायच्या असतात आणि त्या आधीच दिसतात: नवा कायदा, नवं उपकरण, न्यायालयाचा नवा निकाल, लोकसंख्येतला बदल.

कायदा बदलला की सहसा कलमांवर व्याख्यान ठेवतात. त्याऐवजी कलमातून काम काढा. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. वाचायला एक ओळ आहे. कामात उतरवली की प्रश्नांची रांग लागते. चित्रण कुणी करायचं, झडती घेणाऱ्यानेच की दुसऱ्याने? दार उघडण्याआधी सुरू करायचं की नंतर? मध्येच बॅटरी संपली तर काय लिहायचं? वस्तूंची यादी करताना आणि साक्षीदार सही करताना कॅमेरा कुठे धरायचा? फाइल कुठे साठवायची, तिच्यात बदल झाला नाही हे कसं दाखवायचं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ज्याला देता यायला हवं त्या पदाचं नाव पुढे लिहा. प्रशिक्षणाचा आराखडा तिथेच अर्धा तयार होतो, आणि व्याख्यानात कधीच न येणाऱ्या गोष्टी वर येतात.

समाजात बदलत गेलेल्या गरजेचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या मेंफिस शहराचं आहे. मानसिक आजार असलेल्या एका माणसाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यावर १९८८ मध्ये तिथल्या पोलिसांनी मानसोपचारतज्ज्ञ आणि रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेसोबत चाळीस तासांचं प्रशिक्षण आणि विशेष पथक उभं केलं. पुढे ती पद्धत अनेक देशांत गेली. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: गरज ठरवायला बसलेल्यांत पोलिसांबाहेरचे लोक होते, ज्यांच्या घरी पोलीस बोलावावे लागत होते असे.

क्रम आणि शब्दांकन

आता हातात लांब यादी असेल आणि वर्षात मिळणारे दिवस मोजके. क्रम लावताना जिवाचा धोका आणि लोकांच्या हक्कांचा भंग या दोन गोष्टी पहिल्या. कायद्याने बंधनकारक असलेलं त्यानंतर, मग वारंवार होणारं नुकसान. ‘चांगलं होईल’ प्रकारातलं शेवटी, दिवस उरले तर. शस्त्रांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांची १९९० ची मूलतत्त्वं स्पष्ट आहेत: ज्यांनी विशेष प्रशिक्षण पूर्ण केलंय त्यांनाच शस्त्र बाळगण्याची परवानगी असावी आणि बळाच्या वापरातली क्षमता ठरलेल्या मानकांवर तपासली जावी. ही बाब क्रमाच्या चर्चेत आणूच नका, ती वर असतेच.

मग प्रत्येक गरज एका पूर्ण वाक्यात लिहा. ‘सायबर प्रशिक्षण’ ही गरज झाली नाही, तो मथळा झाला. पूर्ण वाक्य असं असतं: ‘ठाण्यातल्या सर्व ड्युटी अधिकाऱ्यांना ऑनलाइन फसवणुकीची तक्रार आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बँक आणि संबंधित यंत्रणेला रक्कम थांबवण्याची सूचना देता आली पाहिजे. सध्या पाहिलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत ही सूचना दुसऱ्या दिवशी गेली, कारण संपर्क कुठे करायचा हे फक्त एकाच अधिकाऱ्याला माहीत होतं.’ कोणाला, काय, किती चांगलं, सध्या कुठे आहोत आणि कशावरून म्हणता, हे सगळं यात आलं. असं वाक्य वरिष्ठांपुढे ठेवलं की चर्चा पैशांवर न अडता कामावर होते.

वाक्य नीट लिहिलं की पद्धत आपोआप सुचते. वरच्या उदाहरणाला कोर्सची गरजच नाही. भिंतीवर एक कागद, पाळी बदलताना दहा मिनिटांची सूचना आणि आठवड्यातून एकदा खोटी तक्रार देऊन सराव, एवढ्यात ते होईल. शस्त्र, प्रथमोपचार, चिडलेल्या माणसाला शांत करणं, यांना मात्र हातपाय हलवून, नाट्य उभं करून, पुन्हा पुन्हा करायला लावणारं प्रशिक्षणच लागतं. ते स्क्रीनवर उरकू देऊ नका, कितीही स्वस्त पडत असलं तरी.

पुन्हा बघायचं केव्हा

वर्षातून एकदा पूर्ण पाहणी आणि दर तीन महिन्यांनी नोंदींची छोटी चाळणी, एवढं वेळापत्रक एका माणसाला झेपतं. त्याशिवाय काही घटना घडल्या की तारखेची वाट न पाहता फाइल उघडायची: कोठडीत मृत्यू किंवा गंभीर दुखापत, गोळीबार, न्यायालयाचे ताशेरे, सहकाऱ्याचा ड्युटीवर मृत्यू, नवं उपकरण येणं, एकाच वेळी अनेकांच्या बदल्या होणं. विशिष्ट घटनांच्या प्रकाशात प्रशिक्षण आणि कामाच्या पद्धती तपासाव्यात, असं वर उल्लेखलेल्या १९९० च्या मूलतत्त्वांतच सांगितलेलं आहे.

झालेल्या प्रशिक्षणाचा परिणाम तपासताना डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार टप्पे अजून उपयोगी पडतात: लोकांना ते कसं वाटलं, ते काय शिकले, कामात वागणं बदललं का, आणि परिणाम काय झाला. अभिप्रायाचा फॉर्म पहिल्याच टप्प्यावर थांबतो. तुम्ही तिसऱ्यावर जा, आणि त्यासाठी नवं काही करावं लागत नाही. ज्या नोंदी वाचून गरज शोधली होती, तशाच नव्या वीस-पंचवीस नोंदी प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी वाचा आणि जुन्या टिपणांशेजारी ठेवा.

या सगळ्याची एकच फाइल ठेवा: कामांची यादी, टिपणं, ‘प्रशिक्षण नको, हे हवं’ म्हणून पाठवलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं, गरजांची वाक्यं, तीन महिन्यांनंतरचं वाचन. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यात नाव न घालता लिहा. बदली झाली की ही फाइल स्वतः हातात घेऊन तुमच्या जागी येणाऱ्याकडे जा, आणि तासभर बसून तिच्यातल्या अपुऱ्या राहिलेल्या ओळी त्याला दाखवा.